उजेडाचं माप

पाचव्या फोटोतही बाबा आले नाहीत. आले ते त्यांचे दात आणि पांढरा सदरा.

फोटोवाल्याने कॅमेऱ्याचं काहीतरी फिरवून सहावा काढला. त्यात बाबा रुबाबात आले, पण आई गेली. मागच्या पांढऱ्या भिंतीलाच दोन डोळे फुटल्यासारखे दिसत होते.

"वीस वर्षं झाली लग्नाला," बाबा म्हणाले. "ही एका वेळी एकालाच दिसू देते."

"दिसण्यासारखं काही असलं तर ना," आई म्हणाली.

दाराजवळच्या स्टुलावर त्यांची पंधरा वर्षांची लेक हाताची घडी घालून बसली होती. स्टुडिओत येईन, पण फोटोत उभी राहणार नाही, या अटीवर ती आली होती. बाबा काळेभोर, आई गोरीपान, आणि ही अधलीमधली. आईबरोबर बाजारात गेली की लोक हळूच विचारत, "दत्तक का?" बाबा शाळेत न्यायला आले की पहारेकरी तिला बाजूला घेऊन विचारी, "हे कोण तुझे?" वर्गात गोऱ्यांची आणि काळ्यांची अशा दोन टोळ्या होत्या आणि दोन्ही टोळ्यांच्या मते ती पलीकडची. तिघं एकत्र निघाली, की रस्ताभर लोक माना वळवून गणित सोडवत. त्यामुळे वर्षभर तिने तिघांचा एकही फोटो होऊ दिला नव्हता. कोणी कॅमेरा काढला, की हिचं पोट दुखलंच म्हणून समजा.

फोटोवाल्याने घाम पुसला. "ए पोरी, ये जरा इकडे."

"मी फोटोत नाही."

"तुझा फोटो हवाय कोणाला? यांच्यामध्ये नुसती उभी राहा. उजेडाचं माप घ्यायचंय."

ती तोंड वाकडं करून उभी राहिली. त्याने एक छोटं यंत्र तिच्या गालाजवळ धरलं, आकडा पाहिला, कॅमेऱ्यावर लावला आणि खटका दाबला.

समोरच्या संगणकाच्या पडद्यावर बाबांच्या हनुवटीची खळी उमटली. आईच्या नाकावरचे तपकिरी ठिपके उमटले. मधोमध एक आंबट चेहरा होता. हनुवटीला खळी, नाकावर ठिपके.

"हिच्यावरून माप घेतलं, की दोघं नीट येतात," फोटोवाला म्हणाला. "झालं तुझं काम. हो बाजूला."

ती हलली नाही. पडद्याकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही कोपरांनी आईबाबांना ढोसलं.

"सरका की जरा. माझ्या फोटोत किती जागा अडवताय दोघं."