वरची वाळू

सहल कंपनीचा माणूस येण्याआधी किनारा पांढरा करायचा होता. लॉजवाली आणि तिचा धाकटा भाऊ उजाडल्यापासून वाळू उलथत होते. बंदरावरून उडालेली कोळशाची भुकटी रात्रभर वाळूवर बसायची. ती फावड्याने खाली ढकलायची, खालची वाळू वर घ्यायची आणि दाताळं फिरवून सगळं सारखं करायचं, हा त्यांचा रोजचा उद्योग. लोक सकाळी उठून दात घासतात, ही भावंडं किनारा घासतात, असं टवाळ लोक म्हणत. पूर्वी नुसतं दाताळं पुरायचं. हल्ली फावडं चांगलं खोल घालावं लागत होतं.

आज तर चुकून चालणार नव्हतं. सहलीची बस इथे यापुढेही थांबवायची की नाही, ते हा माणूस ठरवणार होता. बस थांबली नाही तर लॉजला कुलूप लागणार, हे बहिणीला पक्कं ठाऊक होतं. त्या बसखेरीज या बाजूला फिरकतंय कोण?

माणूस आला. पांढरे बूट, गळ्यात कॅमेरा, बोलायला लाघवी. भावाने त्याला आधी जीपमधून सगळे पॉइंट दाखवून आणले. भावाला सगळे कप्तान म्हणत. तो जन्मात होडीत बसला नव्हता, पण जीप हाकताना तोरा जहाज हाकल्याचा असे. त्याने दीपगृह दाखवलं, तेही बाहेरून, कारण त्याची किल्ली कुणाकडे असते हे कुणालाच माहीत नाही. जुना धक्का दाखवला. सूर्यास्त पॉइंट दाखवला.

"इथला सूर्यास्त लवकर होतो, साहेब," कप्तान म्हणाला. "सगळ्या जगाच्या आधी. सूर्य कोळशाच्या ढिगामागे जातो ना."

साहेब मनापासून हसले. माणूस खिशात आला, असं कप्तानाला वाटलं.

मग लॉज. साहेबांनी खोल्या पाहिल्या, खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं. बहिणीने नुकतंच ओलं फडकं मारलं होतं, बोट स्वच्छ निघालं.

"चादरी सगळ्या तपकिरीच का हो, ताई?"

"खोलीला शोभतात," ती म्हणाली आणि त्यांना घाईघाईने किनाऱ्यावर घेऊन गेली.

किनारा खरोखरच छान दिसत होता. साहेबांनी भराभर फोटो काढले, दोनदा "वा" म्हणाले. बहिणीला एवढा हुरूप आला की तिचं भान सुटलं.

"अरे, साहेबांना उन्हात काय उभं करतोस? छत्री लाव की!"

या वाळूत त्यांनी कधी छत्री रोवली नव्हती. पाहुण्यांची पोरं खणायला बसली की खेकडे चावतात असं सांगून त्यांना उठवायचं, हा इथला नेम होता. पण आनंदाच्या भरात कप्तानही ते विसरला. त्याने पहार आणली, जोर लावून वाळूत घातली, गोल फिरवली आणि उपसली.

पहारेबरोबर काळं वर आलं. ओलं, चिकट, इतक्या वर्षांचं खाली ढकललेलं. कप्तानाने शेजारी दुसरा खड्डा घेतला. तिथेही काळंच. पांढरी वाळू जेमतेम वीतभर होती. साहेबांच्या बुटांवर शिंतोडे उडाले.

"साहेब, बस बंद करू नका," बहीण म्हणाली. "आम्ही अजून खोल जाऊ. दोघंच आहोत, पण करू."

साहेबांनी रुमालाने बूट पुसले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"ताई, बसचं ठरलेलं आहे. ती बंदरावर थांबणार. बंदरवाल्यांनी वर काचेची गॅलरी बांधलीय. लोकांना क्रेन बघायला आवडतात, जहाजं आवडतात. आत गारवा, कॉफी. धुळीचा कण नाही."

"मग इथे कशाला आलात?" कप्तानाचा आवाज चढला. "आमची थट्टा करायला?"

"छे हो. गॅलरीतून तुमचा किनारा दिसतो. वरून फार सुंदर दिसतो, पांढराशुभ्र. म्हटलं, जवळून एकदा पाहावा." साहेब थोडे अवघडले. "परवा आम्ही काही पाहुणे नेले होते तिथे. तुम्ही दोघं सकाळी वाळू उलथत होतात. त्यांना ते क्रेनपेक्षा जास्त आवडलं. तेव्हा एक विनंती आहे. हे काम थांबवू नका. बंदरवाले दोघांना पगार देतील."

पगार म्हटल्यावर बहिणीला क्षणभर हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की तिला साहेबांकडे बघवेना. ती खड्ड्याकडे बघत राहिली.

"आणि त्या पाहुण्यांतलं कुणी खाली आलं तर?" तिने विचारलं. "हे असं खणलं तर?"

"कुणी येणार नाही," साहेब समजुतीच्या स्वरात म्हणाले. "खाली यायचा रस्ता आता बंद करतायत."

कप्तान पायाने पांढरी वाळू ओढून खड्डा बुजवायला लागला होता.