नावांचं कडवं

नवऱ्याला हळद लावून झाली आणि मुकेशने जीपमधला स्पीकर काढून ओट्यावर आणला. नवरा म्हणजे त्याचा बाप, पांड्या. नवरी त्याची आई, पुष्पा. पांड्या त्याच दिवशी सकाळी वारला होता.

दाभोशाच्या त्या पाड्यात याचं कुणाला नवल वाटलं नाही. लग्न म्हणजे सगळ्या पाड्याला जेवण. म्हणून माणसं आधी संसार करतात आणि लग्न सवडीने लावतात. सवड मिळाली नाही तर माणूस मेल्यावर लावतात, पण लावतात. बिनलग्नाचा माणूस सरणावर जात नाही, त्याला जंगलाच्या कडेला पुरतात. मुकेशलाही दोन पोरं होती आणि लग्न नव्हतं, कारण आईबापाचं लागल्याशिवाय मुलाचं लागत नाही.

पुष्पाची अडचण वेगळी होती. ती धवलेरी, म्हणजे गाऊन लग्न लावणारी बाई. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात धवलेरी नवरा-नवरीची नावं घेते, तेव्हा लग्न लागतं. पोशेऱ्याची धवलेरी सकू गेल्यापासून तेवढ्या मुलुखात पुष्पा एकटीच उरली होती. आणि नवरीने आपल्या लग्नात तोंड उघडायचं नसतं. जव्हारच्या सामूहिक विवाहात त्या दोघांचीही नावं घातली होती. त्या दिवशी पुष्पाने बाकीच्या सगळ्या जोड्यांची लग्नं लावली. पांड्या मांडवात भात वाढत होता.

पांड्याचा खोकला वाढला तेव्हा तिने बायकांच्या बचत गटाकडे कर्ज मागितलं. लग्नाची गाणी रेकॉर्ड करायला. गटाने तोवर फक्त शेळ्यांसाठी कर्ज दिलं होतं.

“शेळी मेली तर विमा मिळतो, काकी,” गटाची अध्यक्ष रविना म्हणाली. “गाणं मेलं तर कुणाकडं जायचं? आन् तू हायस ना अजून जित्ती. अल्बम कशाला?”

“माझ्या लग्नात कोण गाईल?”

बायका हसल्या. मग हळूहळू हसायच्या थांबल्या. तिघींनी आपापली शेळी पुढच्या वर्षावर ढकलली आणि कर्ज मंजूर झालं.

नाशिकच्या एका स्टुडिओत, काचेमागच्या खोलीत उभी राहून पुष्पा गायली. घरी ती पांड्याला नुसती ‘आयकलं का’ म्हणायची. शेवटच्या कडव्यात तिने त्याचं नाव घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि तेही कानाला हेडफोन लावून, एका परक्या माणसासमोर. परका माणूस म्हणाला, “मस्त.”

अल्बम आला. त्याचं नाव होतं ‘जंगल वेडिंग मिक्स’. त्यावरच्या चित्रात मोर होता. पाड्यात सगळ्यांनी मोबाइलवर तो ऐकला, म्हणजे प्रत्येक गाण्याची सुरुवात ऐकली. लग्न पुढच्या आठवड्यात ठरलं. पांड्या तेवढा थांबला नाही.

आता ओट्यावर स्पीकर वाजू लागला. आधी यंत्राचा ठेका, मग पुष्पाचा आवाज. खुद्द पुष्पा डोक्यावर पदर ओढून पांड्याजवळ बसली होती. तिच्या पदराची गाठ त्याच्या अंगावरच्या चादरीला मारली होती. गाण्याने डोंगर बोलावला, नदी बोलावली, दाण्यांची देवी बोलावली. नावांचं कडवं जवळ आलं. बायकांनी मुठीत तांदूळ घेतले. मग आवाज बारीक होत गेला, ठेका मोठा झाला आणि दुसरंच गाणं सुरू झालं.

मुकेशने पुन्हा लावलं. पुन्हा तेच. त्याने स्टुडिओला फोन केला.

“नावांचं कडवं काढलं ना आपण,” तिकडचा माणूस म्हणाला. “दुसऱ्यांच्या लग्नात ही नावं कशी चालतील? आणि साडेतीन मिनिटांपुढं कोण ऐकतंय, दादा?”

या बाबतीत त्याचा अंदाज बरोबर होता.

“आजच पाहिजे,” मुकेश म्हणाला. “घरात लगीन हाय.”

“अरे वा, अभिनंदन. सोमवारी पाठवतो.”

ऊन डोक्यावर आलं होतं. नवऱ्याला सोमवारपर्यंत ठेवता येणार नव्हतं. तिरडी बांधणारी माणसं दोरी हातात धरून बसली होती. तिरडी बांधायची की खड्डा खणायचा, ते त्यांना कुणी सांगत नव्हतं.

“पुष्पालाच गाऊ द्या,” एक बाई म्हणाली.

“नवरी कशी गाईल? लगीन बाटतं.”

“मग राहू द्या लगीन,” अनंता म्हणाला. तो पांड्याचा चुलतभाऊ. “नेऊ जंगलाच्या कडेला. पांड्या काय भांडायला येतोय?”

पुष्पाने चादर पांड्याच्या पायांवर नीट ओढली.

शेवटी तुळशी बोलली. पाड्यात तिच्याहून म्हातारं कुणी नव्हतं आणि रीतभात तिलाच विचारत.

“नवरी कसली? सकाळधरनं रांडव हाय ती. रांडवेला गायला बंदी नाय. गा गं.”

बायकांना हे पटलं. इतका साधा मार्ग आधी सुचला नाही म्हणून त्या थोड्या ओशाळल्याही. सगळ्या पुष्पाकडे वळून बसल्या. कुणीतरी तिला पाण्याचा तांब्या दिला. ती प्यायली नाही.

“रांडव कुणाची, आत्या?” तिने विचारलं.

“कुणाची म्हंजे? पांड्याची.”

पुष्पाने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि चादरीची गाठ सोडली.

“मग लगीन लागलंय,” ती म्हणाली. “उचला त्याला.”