कुत्र्यांचा बंदोबस्त

श्रीपूरच्या शाळेत शिकवणाऱ्या निवेदिताची घरी जायची वाट ऊसतोडवाल्यांच्या कोप्यांवरून जायची आणि तिथली कुत्री रोज तिच्या अंगावर धावून यायची.

"बाई, दिस मावळायच्या आत जात जावा की," कोपीपुढं भाकरी थापणारी गोदावरी म्हणाली. "उसात बिबट्या शिरलाय म्हणत्यात."

"बिबट्याचं राहू द्या मावशी, आधी तुमची कुत्री आवरा," म्हणत ती फणकाऱ्यानं पुढं निघाली. आज तिला कुणाची भीती नव्हती. कुत्र्यांना पळवून लावणारा स्प्रे तिनं मुद्दाम सोलापूरहून मागवला होता.

वळणावर कुत्र्यांनी तिला गाठलंच. उसाकडं पाठ करून ती उभी राहिली, पर्समधून स्प्रेची बाटली काढली आणि हात लांब करून त्यांच्यावर रोखली. दात विचकून गुरगुरणारी कुत्री एकाएकी गप्प झाली. शेपट्या पायांत घालून, केविलवाणी कुंईकुंई करत कोप्यांकडं पळत सुटली.

'चांगली जिरली,' ती मनाशी म्हणाली आणि बाटली परत ठेवायला तिनं पर्स उघडली.



बाटलीचं झाकण अजून तसंच घट्ट बसलेलं होतं.