टबातली मोकळी जागा

खाडीतून आणलेली जिताडा माशाची पिल्लं धोंडूबाई अंधाऱ्या पडवीत, टबात ठेवायची. टॉर्च धरावा तिकडे पिल्लं धावत. तशीच उजेडानं एका कोपऱ्यात गोळा करून ती त्यांना तळ्यात सोडायची. कोपरखैरण्यातलं तिचं हे शेवटचं तळं बुजवायला सगळे बिल्डर टपलेले.

आज मात्र पिल्लांनी टबात मधोमध पंजाच्या आकाराची जागा मोकळी सोडली, पाची बोटांसकट. टॉर्च नेमका तिथं धरला, तरी एकही पिल्लू आत शिरेना.

"आई, ओतून द्या हे. तळंच नको आता," सून रुतिका कुजबुजली.

"मला घाबरवून तळं घेनारा अजून जन्मायचा हाय."

तिनं त्या जागेत आपला पंजा ठेवला. बरोब्बर बसला. मग पाण्यातल्या बोटांनी तिची बोटं धरली आणि खाली ओढली.

धोंडूबाईनं डाव्या हातानं पदर खोचला, पाण्यातली मूठ आवळली आणि ती त्या बोटांना उलट वर ओढायला लागली.