हरवलेला वरवंटा

पेटी उघडायची नाही, एवढी एकच अट मोरुतीने घातली. कबरीतली जुनी पेटी आहे तशी वर काढायची, नव्या पेटीत ठेवायची आणि गाडीत चढवायची.

मा-गाओने अंगणात ज्वारी वाटता वाटता ऐकत होती. हातातला ओढ्यातला गोटा पाट्यावर धड बसत नसे. घसरे, बोटं सोलवटत. तिचा चांगला वरवंटा अकरा वर्षांपूर्वी हरवला, तेव्हापासून हे असंच.

"सासूबाई, वरवंट्याला काय पाय फुटले?" सून चिडवायची.

"फुटले असतील," म्हातारी म्हणायची आणि वाटत राहायची.

मिशनचं घर रिकामं होत होतं. गोऱ्यांच्या मंडळीने मोरुतीला उत्तरेला धाडायचं ठरवलं होतं, बैलगाडीने बारा दिवस लांब. पाद्र्याला या गावात सगळे मोरुतीच म्हणत. नवा मोरुती पाऊस सरल्यावर येणार होता, तोवर घराची किल्ली मा-गाओनेकडे.

मोरुतीच्या बायकोचं नाव एलेनर. पण नवरा सोडून त्या नावाने तिला कुणी हाक मारली नाही. तिला मुलगी झाली, मा-गाओनेने मुलीचं नाव लेसेदी ठेवलं, म्हणजे उजेड, आणि आई झाली मा-लेसेदी. तो उजेड चार महिने टिकला.

ताप आईलाही चढला होता. ती शुद्धीत नव्हती, म्हणून तिला प्रार्थनाघरात हलवलेलं. मोरुतीने स्वतःच्या हाताने फळ्या तासल्या, वाळवी लागू नये म्हणून डांबर फासलं. लेकराला न्हाऊ घालायचं, गुंडाळायचं, तापाची खोली सारवून काढायची, ही बायकांची कामं. ती मा-गाओनेने आणि आणखी दोघींनी उरकली. झाकणाचे खिळे ठोकायला बापाचा हात उचलेना. तेही तिनेच ठोकले. त्या दोघी आता राहिल्या नव्हत्या.

पुढे मूल झालंच नाही. हाक तेवढी राहिली. दिवसातून शंभरदा कुणीतरी गेलेल्या मुलीच्या नावाने आईला हाक मारी, आणि शंभरदा ती ओ देई. संध्याकाळी टेकाडावरच्या कबरीपाशी जाऊन बसे. कडेच्या दगडांना चुना लावी, शेळ्या हाकली.

ते कबरस्तान मोरुतीनेच केलेलं. पूर्वी गावात तान्ही मुलं घरातच पुरत. तो आला त्या वर्षीच त्याने तो रिवाज बंद पाडला. ख्रिस्ती माणसाला ख्रिस्ती कबर हवी, तो म्हणाला. बायकांनी माना डोलावल्या. बायका बऱ्याच गोष्टींना माना डोलावत. एका बाबतीत मात्र मा-गाओने हटून बसली होती. मोरुतीला निजायच्या खोलीत विटा घालायच्या होत्या, तिने घालू दिल्या नाहीत. विटा गार पडतात, म्हणाली. दर शनिवारी ती जमीन ती स्वतः सारवी, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

मा-लेसेदी अंगणात येऊन तिच्याजवळ बसली.

"तिला हलवू नकोस गं," मा-गाओने हळूच म्हणाली.

दारातून मोरुती हसला. "अकरा वर्षं उपदेश केला, आणि म्हातारी शेवटी भुतांवरच आली!"

"भुतांचं राहू द्या, मोरुती. मी लेकराचं बोलतेय. ती इथे बरी आहे."

"एकटी?" मा-लेसेदीने विचारलं. "तुम्हीच सांगितलं होतं ना, आईपासून लांब लेकरू गारठतं म्हणून? मग तिला टेकाडावर टाकून मी बारा दिवस लांब जाऊ?"

"मग तूच जाऊ नकोस."

"आणि यांना जेवायला कोण घालील?"

मा-लेसेदी हसली. किती महिन्यांनी हसली. मोरुती पेटी न्यायला कबूल झाल्यापासून तिच्या अंगात जीव आला होता; काल तिने आंबील दोनदा मागून घेतली. मा-गाओनेने तो चेहरा पाहिला आणि ओठांशी आलेलं गिळलं. तिला रडू आलं, ते तिने गोट्यावर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार माणसांनी टेकाडावर खणलं. पेटी काळीकुट्ट, पण शाबूत निघाली.

"अजून चांगलं वजन आहे की हिला," एक जण म्हणाला.

"लाकडाने ओल धरली असेल," मा-गाओने चटकन म्हणाली. "तोंड कमी चालव. उचल."

मोरुतीने प्रार्थना म्हटली. गाडीत मा-लेसेदी नव्या पेटीला खेटून बसली, तळवा झाकणावर ठेवून. तिचा दुसरा हात मा-गाओनेच्या हातात होता.

"मा-गाओने, माझी लेक आता माझ्याजवळ आहे."

"हो गं बाई. कधीची तुझ्याजवळच होती ती."

चाबूक वाजला. बैल ओढ्यापलीकडे दिसेनासे होईतो म्हातारी उभी राहिली. मग तिने पाटीत शेण-माती कालवली आणि रिकाम्या घरात शिरली. निजायच्या खोलीत पलंग नव्हता, चार पायांचे खळगे तेवढे उरले होते. भिंतीकडच्या दोन खळग्यांच्या मधे, जिथे मा-लेसेदीची उशी असायची, तिथे ती गुडघ्यांवर बसली. ओला हात जमिनीवरून हळूहळू फिरवू लागली, तान्ह्याला थोपटतात तसा.

"उगी, लेसेदी, उगी," ती म्हणाली. "तुझी आई माझा वरवंटा घेऊन गेली."