रोज एंगेज

"बिघाड काहीच नाही, मावशी," कम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणाला आणि त्यानं स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकला.

आईला ते पटेना. तिनं फोनचा रिसीव्हर उचलून त्याच्या कानापाशी धरला. आत तीच खरखर, त्याच शिट्ट्या. महिना झाला, दिवसभर हेच. इंटरनेटचा मोडेम एकदा फोनच्या लाइनला जोडला की सुटतच नाही, असं मुलानं सांगितलं होतं. ऑफिसनं दिलेला आहे, बदलून आणतो म्हणाला होता. त्याला सवड कुठली, म्हणून आज तो कामावर गेल्यावर तिनंच शेजारणीच्या फोनवरून या माणसाला बोलावलं होतं.

"मग हा सुटत का नाही?"

"सुटतो ना. मी दोनदा तोडला. पण तोडला की पुन्हा लागावा, असं आत ठरवून ठेवलंय. सकाळी नऊला सुरू, संध्याकाळी सातला बंद. हे आपोआप होत नाही, मावशी. कुणीतरी बसून लावलेलं आहे."

नऊला मुलगा घराबाहेर पडायचा. सातला परत यायचा.

आई खुर्चीत बसली. पाणी कुठं मुरतंय ते आता तिला कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं. बहिणीनं मनासारखं लग्न केलं म्हणून मुलानं तिचं नाव टाकलं होतं, हे काही लपून नव्हतं. पोर बिचारी भाऊ घरी नसताना, दुपारची, रस्त्यावरच्या बूथवरून फोन करायची. तिचे दिवस भरत आले होते. परवा ती शेजारणीला स्टेशनवर दिसली, तर म्हणाली, "रोज लावते, रोज एंगेज. आईला बोलायचं नसेल तर तसं सांगावं." एवढं बोलून गाडीत चढली, पत्ताही दिला नाही. तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"साहेबांना एकदा विचारून घ्या," दुरुस्तीवाला चाचरत म्हणाला. "उद्या माझ्यावर यायला नको."

"काढा ते," आई म्हणाली. "घर माझंही आहे."

त्यानं काढलं. मोडेमवरचे दिवे विझले.

तो गेल्यावर आई खुर्ची ओढून फोनपाशी बसली. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी उठली नाही. रागवायचं नाही, रडायचं नाही, आधी पत्ता विचारायचा, असं तिनं मनाशी घोकून ठेवलं.

अडीच वाजता फोन वाजला. तिनं पहिल्याच घंटेला उचलला.

"बोल गं पोरी. मीच आहे. घरी कुणी नाही."

पलीकडून मुलाचा आवाज आला.

"आई, फोन लागला कसा?"