लायसँडर ट्विचेलची बढती

हात वर झाले. लायसँडर ट्विचेलनं आपल्या बाजूचे मोजले. एक. तो त्याचा स्वतःचाच होता.

बाकीच्या सगळ्या सभागृहानं एनॉक स्टिकनीसाठी हात वर केला, आणि एनॉक चोविसाव्यांदा ईस्ट हार्लोच्या गावसभेचा अध्यक्ष झाला. त्यानं लाकडी हातोडी एकदाच, हलकेच आपटली. दोनशे माणसं गप्प झाली. शेगडीजवळचं कुत्रंही गप्प झालं. लायसँडर हेव्यानं त्या हातोडीकडे बघत राहिला.

एनॉक पिंपं बनवायचा. त्याच्या कोटाला कोपरावर ठिगळ होतं. लायसँडर आठ वर्षं राज्याचा खजिनदार होता. राज्याच्या कर्जरोख्यांवर त्याची सही होती आणि राजधानीतल्या कचेरीच्या जिन्यात त्याचं मिशीसकट तैलचित्र होतं. गेल्या नोव्हेंबरात तर तो अमेरिकेच्या काँग्रेसवर, म्हणजे थेट देशाच्या संसदेवर, निवडून आला. उद्या सकाळच्या गाडीनं वॉशिंग्टनला निघायचं होतं. पण त्याच्या एका शब्दानं आजवर एकही कुत्रं गप्प झालं नव्हतं.

त्यानं बोस्टनहून चांदीची कडी बसवलेली हातोडी मागवली होती. रोज नाश्त्याच्या टेबलावर तो ती आपटून बघायचा.

"अहो, अंडी फुटतात," बायको ह्यूल्डा म्हणायची. "आणि सभेला मी एकटीच आहे. माझं मत विरोधात धरा."

दर वेळी असंच व्हायचं. अध्यक्षपदाला तो पहिल्यांदा पडला, त्याच दुपारी गावानं त्याला आमदार केलं. दुसऱ्यांदा पडला, आणि महिन्याभरात खजिनदार झाला. तिसऱ्यांदा पडला, तर थेट काँग्रेस. लोक पाठीवर थाप मारत. "अरे, तू केवढा माणूस! त्या हातोडीचं काय घेऊन बसलास?" तो घरी जाऊन उशीत मुंडी खुपसून एनॉकच्या नावानं दात खायचा.

आज मात्र तो उठून उभा राहिला.

"अध्यक्षमहाराज," तो म्हणाला, आणि तो शब्द उच्चारताना त्याला ठसका लागला. "मी वॉशिंग्टनला चाललोय म्हणून हे लोक मला मत देत नाहीत. कळतं मला. तर ऐका. मी काँग्रेसचा राजीनामा देतो. कायमचा गावात राहतो. मत पुन्हा घ्या."

सगळ्यांचे चेहरे उतरले. पहिल्या रांगेतल्या पडी नावाच्या म्हाताऱ्याला मुळीच ऐकू येत नसे, पण शेजाऱ्याचं तोंड बघून तोही पांढराफटक पडला.

"सभा दहा मिनिटं तहकूब," एनॉक म्हणाला. त्यानं लायसँडरचं कोपर धरलं आणि त्याला मागच्या सरपणाच्या खोलीत नेऊन दार लावलं.

"राजीनामा देऊ नकोस."

"का? तुझी खुर्ची जाईल म्हणून?"

"खुर्ची! माझे गुडघे गेलेत, लायसँडर. दर वर्षी सोडतो म्हणतो. दर वर्षी गाव गयावया करून बसवतं."

"माझ्याविरुद्ध?"

एनॉकनं सुस्कारा टाकला. "मला घटसर्प झाला होता ते वर्ष आठवतं? हातोडी तुझ्याकडे दिली होती."

लायसँडरचा चेहरा उजळला. "आठवतं म्हणजे काय! माझ्या आयुष्यातली ती सर्वांत सुंदर..."

"सभा मंगळवारी सुरू झाली. शुक्रवारी संपली."

"डुकरांच्या कोंडवाड्याचा प्रश्न गंभीर होता."

"गावात डुक्कर एकच होतं. गुरुवारी ते मेलं. तू श्रद्धांजली म्हणून दीड तास बोललास." एनॉकनं गुडघा चोळला. "मार्च महिना, रे. पाक करायचा मेपलच्या झाडांचा रस बादल्या भरभरून जमिनीवर सांडत होता आणि आम्ही सगळे इथं टोप्या काढून उभे. अख्खा हंगाम गेला. त्या वर्षी पोरांनी पाकाशिवाय पाव कोरडा खाल्ला."

लायसँडर ओंडक्यावर बसला.

"म्हणजे ती आमदारकी..."

"तू राजधानीत असलास की सभा जेवणाच्या आत संपते."

"आणि खजिनदारकी? ती तर आमदारांनी दिली मला! बहुमतानं!"

"त्या आमदारांच्या दारात आम्ही तीन आठवडे बर्फात उभे होतो. पडीच्या पायाची दोन बोटं गेली. म्हटलं, कचेरीत निदान काम लेखी असतं, भाषणं नसतात."

"आणि काँग्रेस?" लायसँडरनं फार हळू विचारलं.

एनॉकनं डोळे मिटले. "छत्तीस गावं. दारोदार. तुझं कौतुक करकरून माझी जीभ सोलवटली. एका बाईनं विचारलं, एवढा गुणी माणूस तुम्ही घरी का ठेवून घेत नाही? मी तिच्या पायरीवर बसून रडलो. तिला वाटलं, प्रेमानं."

लायसँडरनं मिशीवरून हात फिरवला. चोवीस वर्षं ज्या माणसाचा त्यानं हेवा केला, त्याच माणसानं त्याला हातानं उचलून इतक्या उंच ठेवलं होतं. आणि हातोडी अजून एनॉकच्याच कोटाच्या खिशात होती. लायसँडरची नजर तिच्यावरून हलेना.

"आणि मी नाहीच गेलो तर?" तो म्हणाला. "इथंच राहिलो तर?"

एनॉकनं अंगणाकडचं दार उघडलं. बाहेर सगळं गाव भराभरा बूट चढवत होतं. बायका फडक्यात पाव बांधून देत होत्या. बर्फावरच्या घसरगाड्यांना घोडे जुंपून झाले होते, आणि म्हातारा पडी पुढच्या गाडीत घोंगडी गुंडाळून बसला होता.

"मग राष्ट्राध्यक्षपद," एनॉक म्हणाला. "ते बघ, निघालेसुद्धा."